चंद्राकाकी आणि तोंडातली लाल चौकट

कुडपणात मशेरी भाजावी तर ती चंद्राकाकीनंच. यावर गावात कोणाचं दुमत नव्हतं, आणि असतं तरी तिच्या तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती. तंबाखूचं पान कुठलं घ्यायचं, तव्यावर किती काळं होऊ द्यायचं, त्याची राख व्हायच्या आत तवा खाली कधी ओढायचा, हे सगळं तिच्या हाताला ठाऊक होतं. ती भाजायला बसली की आख्खी वाडी ठसकायची. तिचा नवरा कोंडाजी गुरं बघायचं निमित्त काढून डोंगरमाथ्याच्या सड्यावर पळायचा, आणि धूर विरेपर्यंत घराकडे फिरकायचा नाही.

सकाळी तिच्या ओटीवर बायका जमायच्या. डबी फिरायची, चिमूट तळहातावर यायची, बोट हिरड्यांवर फिरायचं आणि तोंडातल्या तोंडात गावच्या बातम्या सुरू व्हायच्या. कोणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कोणाचा मुलगा मुंबईहून सुटी न घेताच आला, सगळ्याचा निकाल तिथंच लागायचा. आता तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा! पाणी, गुरं, शेण, नाचणीचं शेत, चूल, या सगळ्यातून डोंगरावरच्या बाईला दिवसात घटकाभर टेकायला मिळायचं ते याच एका निमित्तानं. मशेरी वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण ती ओटी वाईट होती असं कोणी म्हणून दाखवावं.

काकीची सून दर्शना मात्र त्या ओटीवर बसायची नाही. ती बिरवाडीची, बाप कंपनीत कामाला, बारावीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन कुडपणात आली तेव्हा तिची खालची दाढ अशी काही ठणकत होती की पोरीला घास गिळवेना. चंद्राकाकीनं डबी उघडली, चिमूटभर मशेरी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "लाव गो दाढेला. आत्ता गप बसंल."

दाढ गप बसली. मशेरी मात्र कायमची बसली. नवरा हृतिक मुंबईला नोकरीला, त्याला त्या वासाचा तिटकारा; म्हणून दर्शना गोठ्यामागं उभी राहून लावायची. काकीला हे ठाऊक होतं. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट सुनेसाठी तिनं एक निराळी डबी भरून ठेवली होती.

तर असं सगळं सुखात चाललं असताना शाळेच्या पडवीत दातांचं शिबिर भरलं. पोलादपूरच्या डॉक्टर राजनंदिनी गाडीत सामान घालून वर आल्या. एक घडीची खुर्ची, पेनासारखा बारीक कॅमेरा आणि एक टॅब. कॅमेरा तोंडात फिरवला की टॅबवर चित्र यायचं, आणि एआय म्हणतात ते त्या चित्रावर चौकटी काढायचं: कुठं कीड, कुठं सूज, कुठं आणखी काही.

चंद्राकाकी जाणार म्हणजे नीटनेटकी जाणार. डॉक्टरीण तोंड बघणार, मग तोंड स्वच्छ नको? निघायच्या आधी तिनं नेहमीच्या दुप्पट मशेरी घेतली आणि कोपरा न् कोपरा घासून काढला. मग पदर सावरत शाळेत गेली आणि खुर्चीत बसून ऐटीत आ केला.

टॅबवर अक्षरं उमटली: चित्र स्पष्ट नाही, तोंड स्वच्छ करून पुन्हा घ्या.

"आजी, काय लावून आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजी कोनाला बोलतेस? काकी बोल. आनि मशेरी लावलीय. दोनदा लावलीय, बग कशी साफ हाय!"

डॉक्टरांनी घटकाभर डोळे मिटले. मग तांब्याभर पाणी दिलं. काकीनं चुळा भरल्या, शाळेच्या पायरीखाली काळा ओहोळ वाहिला आणि मागं रांगेत उभ्या राहिलेल्या बायका खिदळल्या. त्यात सगळ्यात मोठ्यानं हसली ती शेजारची रंगूबाई, जिच्या स्वतःच्या कनवटीला तेव्हाही डबी होती.

पुन्हा कॅमेरा फिरला. मागच्या दोन दातांवर पिवळ्या चौकटी आल्या. डॉक्टरांनी आकड्यानं खरवडून बघितलं आणि म्हणाल्या, "इथं चुकलं ते. कीड नाही, मशेरीचा डाग आहे." मग कॅमेरा खालच्या ओठाच्या आत गेला. तिथं लाल चौकट आली. डॉक्टरांनी ओठ बाहेर ओढून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, बोटानं चाचपलं, पुन्हा बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"काय गो बाय? काय हाय?"

"पांढरा चट्टा आहे, काकी. मशेरी नेमकी जिथं धरता तिथंच. कदाचित साधाच असेल. पण असा चट्टा कधीकधी पुढं कॅन्सरचा होतो, म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. आजपासून मशेरी बंद. आणि पोलादपूरला येऊन एक बारीक तुकडा तपासायला द्यायचा."

मागं रंगूबाईनं कनवटीची डबी आणखी आत खोचली. चंद्राकाकी मात्र हार मानणारी नव्हे.

"आताच बोललीस ना, तो चुकला म्हनून? मंग इथं पन चुकला असंल!"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आणि तिच्याकडे यावर उपाय होता. तिच्या माहेरी सोमजाईला कौल लावायची रीत होती. देवीच्या अंगावर पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण एक कौल तिच्या घरात कोणी धरत नसे. पाकळी वाऱ्यानंही पडते, माणूसही चुकीचं विचारतो. तीनदा लावायचा, दर वेळी नव्यानं मनोभावे विचारायचा. तिन्ही एक आले तर मग हूं की चूं करायचं नाही, सांगितलं ते करायचं.

"तीनदा बग," ती म्हणाली. "एक झाला. दोन राहिले."

डॉक्टर गुणाच्या. "बघू," म्हणाल्या. काकीनं हातपाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला, खुर्ची उगवतीकडे वळवून घेतली आणि आ केला. लाल चौकट आली. तिसऱ्या वेळी तिनं डॉक्टरीणबाईला उजव्या अंगाला उभं केलं, डोळे मिटले आणि मनात म्हणाली, खरं असंल तर तिथंच दाव, नसंल तर पुसून टाक. चौकट आली. तीच जागा, तोच ओठ, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही.

काकी खुर्चीतून खाली उतरली. "तिन्ही एक आले," ती म्हणाली. "आता बोलायला जागा नाय."

"काकी, हा देव नाही हो. लाखो तोंडांचे फोटो बघून शिकलेलं सॉफ्टवेअर आहे. ते नुसतं बोट दाखवतं. काय आहे ते तपासून मी ठरवणार."

"लाखो तोंडं बगितली?"

"हो."

"बिचारा," काकी म्हणाली.

डॉक्टर हसल्या आणि टॅबवर काहीतरी लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरात आणखी कोणी मशेरी लावतं का?"

चंद्राकाकीनं मान वळवली. मघापर्यंत दर्शना पायरीपाशी उभी होती. आता तिथं कोणी नव्हतं. लाल चौकट बघून पोरगी मागच्या मागं पसार झाली होती. आणि तेव्हा, त्या पडवीत, काकी पहिल्यांदा घाबरली. स्वतःच्या चट्ट्याला ती घाबरली नव्हती. त्या पोरीच्या हातावर पहिली चिमूट कोणी ठेवली होती?

"नाय," काकी म्हणाली. "मी एकलीच." सुनेचं नाव चारचौघींत कसं घ्यायचं, म्हणून खोटं बोलली, आणि घरी जाईपर्यंत तेच तिला बोचत राहिलं.

त्या दिवसापासून तिनं मशेरीला बोट लावलं नाही. म्हणायला सोपं आहे! डोकं गरगरायचं, हात आपोआप कनवटीला जायचा, जीव नुसता कावराबावरा. तिनं कोंडाजीच्या अंगावर खेकसावं, कोंबड्यांवर खेकसावं, मधेच चुलीवरही खेकसावं. कोंडाजी म्हणाला, "तू मशेरी सोडलीस आनि शिक्षा मला कशापायी?" वर हेही म्हणाला, की आता घरात धूर नाही तर मी सड्यावर कोणत्या निमित्तानं जाऊ.

बायका तंबाखूची पानं घेऊन आल्या त्या तशाच परत गेल्या. "तवा आता भाकरीचा," काकीनं सांगून टाकलं. रंगूबाईला राग आला. "जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय," ती ओटीवरून उतरताना म्हणाली, "बगते ना, येत्या बाजाराला भाजायला बसशील." मग आठवडाभर ओटी रिकामी राहिली. चंद्राकाकी कोरा चहा घेऊन एकटीच बसायची आणि तिला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. तरी तिनं तवा लावला नाही.

पण खरी काळजी निराळीच होती. आपलं काय, आपल्या अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या. पण ही पोर? हिनं अजून काय बघितलंय? रोज सकाळी दर्शना गोठ्यामागं जायची आणि इकडं काकीचा चहा पेल्यातच निवायचा. शेवटी एकदा ती मागोमाग गेली.

"दर्शना, टाक ती डबी. आनि माझ्याबरोबर पोलादपूरला चल. तोंड दाव एकदा."

दर्शनानं बोट तोंडातून काढलं, थुंकली आणि मान हलवली. "सोडली की दाढ ठणकते, आत्या." सासूला ती आत्या म्हणायची. "सोडून बगितली मी. रात्र काढवत नाय."

"मंग दाढ पन दाखवू."

"नको. डॉक्टरनं ह्यांना फोन केला म्हंजे? ह्यांना काय वाटंल?" आणि मग खाली बघत, "आनि माझ्या तोंडात पन चौकट आली म्हंजे? मी काय करू मग? मला बगायचंच नाय, आत्या. नाय बगितलं तर नाय."

चंद्राकाकीला वाटलं होतं सून हट्टी आहे. ती हट्टी नव्हती, घाबरली होती. काकीनं तिला मिठी मारायला हवी होती, पण तो तिचा स्वभाव नव्हे. ती तिथंच शेणाच्या पाटीशेजारी फतकल घालून बसली आणि म्हणाली, "मंग मी पन नाय जात. माझा तुकडा माझ्या तोंडात राहू दे. काय व्हायचं ते होऊ दे."

"आत्या! असं काय करता?"

"तू बगायचं नाय, मंग मी पन बगायचं नाय. एका घरातल्या हाव ना आपन?"

झालं. दोघी बोलेनाशा झाल्या. घरात भांडी वाजायची तेवढाच आवाज. कोंडाजीनं एकदा मध्ये पडून बघितलं आणि दोन्हीकडून अशी बोलणी खाल्ली की कानाला खडा लावला.

पोलादपूरला जायची सकाळ उजाडली. एसटी वळणावर येऊन उभी राहिली, चालकानं हॉर्न दिला. चंद्राकाकी ओटीवर खांबाला टेकून बसलेली, तोंड भिंतीकडे. दर्शना आतून आली. हातात पिशवी, पायात चपला, डोळे रडून सुजलेले.

"उठा आत्या. गाडी सुटंल."

काकी टुणकन उठली. उजाडायच्या आधीपासूनच ती ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती, हे तेव्हा दर्शनाच्या ध्यानात आलं. "तुमी तर तयारच हाव!" ती ओरडली. "मी येते का ते नुसतं बसून बगत होतात!" काकी गाडीकडे धावत सुटली.

पोलादपूरला दवाखान्यात काकीचा नंबर आधी लागला. तिनं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "बाय, मागं खोटं बोलले. ही माझी सून. ही पन लावते. मीच शिकवली." डॉक्टर राजनंदिनींनी दर्शनाकडे बघितलं, काकीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "आलात ना, झालं मग."

काकीचा चट्टा निवला होता. टॅबनं चौकट काढली, पण आधीपेक्षा लहान. तरी डॉक्टरांनी जागा बधिर करून बारीक तुकडा घेतला, महाडच्या लॅबमध्ये पाठवायला. काकीनं हूं की चूं केलं नाही. तिचं लक्ष खुर्चीत नव्हतंच, बाकावर बसलेल्या सुनेकडे होतं.

मग दर्शना बसली. कॅमेरा वरच्या ओठाआड गेला, खालच्या ओठाआड गेला, एका गालातून दुसऱ्या गालात, जिभेखाली. चंद्राकाकी भिंतीला लागून उभी होती. टॅबवर सुनेचं तोंड केवढं तरी मोठं दिसत होतं, आणि ओठाच्या आतली जागा आली तेव्हा काकीनं सोमजाईला, काळभैरवाला, सगळ्यांना एकदमच हाका मारल्या. माझं काय ते कर, हिचं नको. हिचं मी केलंय.

चौकट आली नाही. डॉक्टरांनी बोटानं चाचपून बघितलं, उजेड धरून बघितलं. मग कॅमेरा मागं दाढांकडे गेला आणि टप्पकन लाल झालं.

"अगो माझे बाय!" काकी भिंतीवरून घसरून बाकावर बसली.

"काकी, थांबा, थांबा. ही दाढ आहे." डॉक्टरांनी एक्स-रे काढला. यंत्रानं त्यावरही दाढेच्या मुळाशी खूण केली, आणि डॉक्टर तिथं बोट ठेवून समजावू लागल्या. "ओठ, गाल, जीभ, सगळं स्वच्छ आहे हिचं. मशेरी सोडा, आणि तसंच राहील. पण ही दाढ आतपर्यंत किडलीय, म्हणून लाल. किती वर्षं दुखतेय?"

"लग्नापासून," दर्शना म्हणाली.

"मशेरीनं नुसती बधिर होत होती. आत कीड चाललीच होती. पण काढायला नको, वाचेल. दोन-तीनदा यावं लागेल."

चंद्राकाकी रडायला लागली. स्वतःच्या चट्ट्याचं नाव ऐकून ती रडली नव्हती, तुकडा काढताना रडली नव्हती. आता पदर तोंडाला लावून ती हमसून हमसून रडली, आणि दवाखान्यातले बाकीचे लोक समजले की हिच्याच दाढेत कळ आलीय. एक बाई उठून पाणी घेऊन आली.

पुढच्या खेपांना सासू-सून दोघी मिळून उतरायच्या. मधल्या एका खेपेला काकीच्या तुकड्याचा निकाल आला: तसलं काही नाही. मशेरी पुन्हा लावायची नाही आणि वरचेवर येऊन दाखवायचं, एवढंच. काकीनं ते ऐकून घेतलं, "बरं झालं," म्हणाली, आणि लगेच विचारलं, "हिची दाढ आज बुजवनार ना?" हृतिकला दर्शनानं स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, दाढ दुखत होती हे मला का नाय सांगितलंस? एवढंच. पोरगी इतकी वर्षं उगाच भीत होती.

वाडीलाही हळूहळू पाझर फुटला. चहाला बायका पुन्हा ओटीवर येऊ लागल्या. रंगूबाईनं डबी अजून सोडली नव्हती, पण पुढच्या शिबिराची तारीख तिनं दोनदा विचारली, दुसऱ्या कोणासाठी म्हणून. चंद्राकाकीनंही तिला फार छेडलं नाही. फार म्हणजे, रोज नाही.

दाढेवर टोपी बसली त्या दिवशी दोघी एसटीनं परत निघाल्या. दर्शनानं स्टँडवर भाजलेल्या शेंगा घेतल्या होत्या आणि ती त्या दोन्ही बाजूंनी चावत होती, पुन्हा पुन्हा बाजू बदलून, काही नवल सापडल्यासारखी. चढण लागली, गाडी हळू झाली. काकी बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

"दर्शना, मी तुला तेव्हा ती चिमूट द्यायला नको होती गो," ती म्हणाली. "मला रात्री झोप लागत नाय. ओठावर काय निघालं असतं, तर मी तुझ्या आयशीला काय तोंड दावलं असतं?"

दर्शना चावायची थांबली. "आत्या, त्या दिवशी घर पावन्यांनी भरलेलं होतं. माझा गाल एवढा सुजलेला, पन मी नवी नवरी, पदर खाली. कोनी बगितलं नाय. ह्यांनी पन नाय. तुमी पदर वर करून बगितलंत आनि बोललात, काय गो, दुखतंय का? मला त्या घरात पहिल्यांदा कोनी काय विचारलं ते तुमी." तिनं मूठभर शेंगा सासूच्या ओंजळीत घातल्या. "चिमटीचं मी कवाच विसरले. ते नाय विसरले."

चंद्राकाकीचे डोळे भरून आले ते तिनं पुसलेसुद्धा नाहीत. नाक ओढलं आणि आवाज चढवला, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं.

"बरं बरं. आता परत कुटं दुखलं, तर लपवायचं नाय. पयलं मला सांगायचं."

"आनि मग तुमी काय द्याल?"

"मी काय देनार? हात धरून गाडीत बसवीन," काकी म्हणाली. "खिडकीपाशी."